सतरा मिनिटं

जून २०२४ मध्ये मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहत होतो. कंपनीनं क्लायंटकडे पाठवलं त्याला वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी दाराच्या फटीतून पडलेल्या टपालात माझ्या नावाचं मतदानाचं कार्ड निघालं. मला वाटलं, यांचा काहीतरी घोळ झालाय. मी भारतीय, व्हिसावर आलेला. इथे कर भरतो, पण इथला नागरिक नाही. माझा तेलुगू रूममेट हसायला लागला. राष्ट्रकुलातल्या देशाचा माणूस इथे कायदेशीर राहत असेल आणि त्यानं नाव नोंदवलं असेल, तर त्याला संसदेच्या निवडणुकीतसुद्धा मत देता येतं. मग आठवलं, मागच्या वर्षी घरमालकानं एक फॉर्म भरायला लावला होता. शेजारचा पोलिश माणूस दहा वर्षं या गावात आहे, त्याला हे मत नाही. मला वर्षभरातच मिळालं. इतिहास कुणाच्या पदरात काय टाकेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच फटीतून रिफॉर्म यूके या पक्षाचं पत्रक आलं. परदेशातून येणाऱ्यांची संख्या कमी करा, हा त्यातला मुख्य मुद्दा. म्हणजे माझ्यासारख्यांची. पत्रक टाकणारे आजोबा आमच्याच गल्लीतले. सत्तरीचे, पूर्वी ट्रक चालवायचे. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरलो की ते स्वतःहून ठेवायचे. मी दार उघडलं तेव्हा ते जरा ओशाळले. म्हणाले, "हे तुमच्याबद्दल नाहीये हं." मी म्हटलं, "माहीत आहे." खरं तर होतं माझ्याबद्दलच. पण डब्याचे उपकार होते.

त्या रात्री कुतूहलानं मी या पक्षाबद्दल वाचायला लागलो. मग त्याच्या आधीच्या पक्षाबद्दल, मग त्याच्याही मागे. आठवडाभर मी वेबसिरीज बघावी तसा ब्रिटनमधल्या लहान उजव्या पक्षांचा इतिहास वाचत होतो. सुरुवातीला निव्वळ मजा म्हणून. ती मजा का टिकली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

*

युकिप, म्हणजे युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी, १९९३ साली निघाली. संस्थापक ॲलन स्केड, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले इतिहासाचे प्राध्यापक. उद्देश एकच, ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं. १९९७ साली स्केड स्वतःच पक्षातून बाहेर पडले आणि पुढे आपण काढलेल्या पक्षावरच ते सडकून टीका करत राहिले. १९९९ मध्ये पक्षाला युरोपीय संसदेत पहिल्या ३ जागा मिळाल्या. यशाचा पहिला घास तोंडात जायच्या आत भांडण लागलं आणि २००० साली तेव्हाचे नेते मायकेल होम्स यांना जावं लागलं. २००४ मध्ये रॉबर्ट किलरॉय-सिल्क हे टीव्हीवरचे प्रसिद्ध सूत्रसंचालक पक्षात आले. त्यांना नेतेपद हवं होतं. ते मिळेना, तेव्हा २००५ मध्ये त्यांनी 'व्हेरिटास' नावाचा वेगळा पक्ष काढला. या लॅटिन शब्दाचा अर्थ सत्य. काही महिन्यांत त्यांनी त्या सत्याचंही नेतृत्व सोडलं.

२०१५ च्या निवडणुकीत हरल्यावर नायजेल फराज यांनी शब्द दिल्याप्रमाणे राजीनामा दिला. पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीनं तो स्वीकारला नाही आणि तीन दिवसांत ते पुन्हा नेते झाले. २०१६ च्या जूनमध्ये सार्वमत जिंकलं, पक्षाचं आयुष्यभराचं स्वप्न पुरं झालं, आणि ४ जुलैला फराज यांनी पुन्हा राजीनामा दिला. नंतर निवडून आलेल्या डायन जेम्स १८ दिवस टिकल्या. नेतेपदाच्या अधिकृत कागदावर सही करताना त्यांनी शेजारी लॅटिनमध्ये 'दबावाखाली' अशा अर्थाचे शब्द लिहिल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्यांच्यानंतर पॉल नटल, मग हेन्री बोल्टन, मग जेरार्ड बॅटन, मग रिचर्ड ब्रेन. ब्रेन ऑगस्ट २०१९ मध्ये निवडून आले आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर पडले. जून २०२० मध्ये फ्रेडी वाच्छा नेते झाले, आडनावावरून थेट मुंबईच आठवावी. सप्टेंबरमध्ये त्यांना निलंबित केलं गेलं. मी हे वाचत होतो त्याच जूनमध्ये तेव्हाच्या नेत्या लोईस पेरी यांनीही महिनाभरात पद सोडलं.

ऑफिसमध्ये जेवताना मी हे किस्से सांगायचो. आम्ही चार-पाच देशी पोरं पोट धरून हसायचो. आम्हाला इथून घालवू पाहणारे लोक एकमेकांनाच घालवत होते. याहून गोड न्याय कुठला?

त्यातला सगळ्यात हिट किस्सा सतरा मिनिटांचा.

२०१६ च्या उन्हाळ्यात, फराज यांच्यानंतर कोण, या शर्यतीत स्टीव्हन वुल्फ हे नाव सगळ्यात पुढे होतं. अर्जाची मुदत ३१ जुलै, दुपारी बारा. वुल्फ यांचा अर्ज पोहोचला बारा वाजून सतरा मिनिटांनी. पक्षाच्या वेबसाइटवर तांत्रिक अडचण आली, असं त्यांचं म्हणणं. कार्यकारिणीनं बैठक घेतली, अर्ज उशिरा आला म्हणून ते अपात्र ठरले, आणि निषेध म्हणून कार्यकारिणीतल्याच तीन जणांनी राजीनामे दिले. डायन जेम्स गेल्यावर वुल्फ पुन्हा उभे राहायला निघाले. ऑक्टोबरमध्ये स्ट्रासबर्गला, युरोपीय संसदेच्या इमारतीत, त्यांची आणि त्यांच्याच पक्षाचे खासदार माइक हुकेम यांची झटापट झाली. आपण ठोसा मारला नाही, असं हुकेम म्हणाले. वुल्फ नंतर कोसळले आणि दवाखान्यात पोहोचले. दहा-बारा दिवसांत त्यांनी पक्ष सोडला.

हा किस्सा मी पुण्यातल्या एका जुन्या मित्राला फोनवर सांगितला. कॉलेजचा मित्र. मला वाटलं होतं तो खदखदून हसेल, पण तो गप्प झाला. मग म्हणाला, "आपला किती मिनिटांचा होता रे?"

*

२०१७. आमचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. कॉलेजात रोबोटिक्सचा क्लब होता, त्याचा पुढच्या वर्षीचा प्रमुख निवडायचा होता. प्रमुख म्हणजे फार मोठं काही नाही. रेझ्युमेवर एक ओळ, लॅबची किल्ली आणि स्पॉन्सरच्या पैशांवर सही. इच्छुक दोघं. एक आमच्या ग्रुपमधला, आणि दुसरा ओंकार. ओंकार हे त्याचं खरं नाव नाही.

ओंकार बार्शीकडचा. आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला काम जास्त यायचं, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. अडचण एवढीच होती की तो विचारायचा. टी-शर्टचे पैसे जमले होते त्याचा हिशोब कुठे आहे, फर्स्ट इयरच्या पोरांना मशिनला हात का लावू देत नाही, असलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण बिलंही कुणी ठेवली नव्हती. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री आम्ही चौघं कँटीनमागच्या टपरीवर बसलो आणि ठरवलं की तो नको. "तो चांगला आहे, पण त्याला माणसं सांभाळता येत नाहीत," असं आमच्यातला एक म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्या वाक्यातली माणसं म्हणजे आम्ही.

तेव्हा आमच्या डोक्यात कुठलाही प्लॅन नव्हता. मतं गोळा करायची, एवढंच ठरलं होतं. पण दुसऱ्या रात्री नशिबानं वेगळीच सोय केली. अर्ज गूगल फॉर्मवर भरायचे होते, मुदत रात्री बारा. फॉर्म मी बनवला होता. आमच्या माणसाचा अर्ज अकराच्या सुमारास आला. बारा वाजेपर्यंत ओंकारचा आला नव्हता. तो बहिणीच्या साखरपुड्याहून एसटीनं परतत होता. बारा वाजून नऊ मिनिटांनी त्याचा फोन आला. "रेंजच नव्हती रे, आत्ता आली. फॉर्म बंद दाखवतोय."

मी म्हणालो, "हो, बारा वाजता आपोआप बंद होतो. सिस्टिमच तशी आहे. माझ्या हातात काही नाही."

तो फॉर्म आपोआप बंद होत नव्हता. बाराला एक मिनिट कमी असल्यापासून मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो, आणि बारा वाजताच उत्तरं स्वीकारण्याचं बटण मी बोटानं बंद केलं होतं. परत सुरू करायला एक क्लिक पुरलं असतं.

ओंकार "ठीक आहे" म्हणाला. आमचा माणूस बिनविरोध निवडून आला. ओंकारनं हळूहळू क्लबमध्ये येणं बंद केलं.

*

मित्राच्या त्या प्रश्नानंतर मी बरेच दिवस स्वतःची बाजू मांडत होतो, मनातल्या मनात. माझा युक्तिवाद तसा भक्कम होता. मुदत आधीच जाहीर केली होती. ती सगळ्यांना सारखी होती. ओंकार उशिरा आला, हे खरंच होतं. मी कुठला नियम मोडला?

कुठलाच नाही. आणि मला आता वाटतं की पडद्यामागच्या राजकारणाबद्दलची आपली समजूत इथेच चुकते. आपल्याला वाटतं, पडद्यामागे नियम मोडले जातात. कधी मोडलेही जातात. पण मुरलेली माणसं नियम मोडत नाहीत, ती नियम वापरतात. नियम पाळणाऱ्याला निकाल काय लागेल याच्याशी देणंघेणं नसतं. नियम वापरणाऱ्याचा निकाल आधी ठरलेला असतो आणि मग तो त्या निकालापर्यंत नेणारा नियम शोधतो. बाहेरून दोघांची कृती हुबेहूब सारखी दिसते. दोघंही बारा वाजता फॉर्म बंद करतात.

फरक ओळखायचा एकच मार्ग मला सापडला. स्वतःला विचारायचं, उशीर आपल्या माणसाला झाला असता तर? मला उत्तर लगेच मिळालं. मी फॉर्म उघडला असता. वर "अरे, नऊ मिनिटांनी काय होतंय, आपण काय सरकारी ऑफिस आहोत का" असंही म्हणालो असतो.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. महाभारतात द्रोणाचार्यांना थांबवायचं असतं, म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो आणि युधिष्ठिर, अश्वत्थामा गेला, असं सांगतो. हत्तीचा उल्लेख तो पुटपुटतो. शब्दशः त्याचं खोटं नव्हतं. तरीही त्याचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. लहानपणी मला हा युधिष्ठिरावर अन्याय वाटायचा. एवढा मोठा माणूस, आयुष्यात एक अर्धवट वाक्य बोलला. आता वाटतं, ती गोष्ट ज्यानं रचली त्याला बरोबर कळलं होतं. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. खऱ्याचा हत्यारासारखा वापर करणाऱ्याला आपण स्वच्छ आहोत असंच वाटत राहतं. मला सात वर्षं वाटत होतं.

१७९५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टनं शाश्वत शांततेवरच्या निबंधाच्या शेवटी एक कसोटी सांगितली आहे. थोडक्यात अशी: दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित असलेली जी कृती, तिच्यामागचा हेतू उघड केला तर पार पाडता येणार नाही, ती अन्याय्य आहे. मी ही कसोटी ओंकारच्या बाबतीत लावून बघितली. 'ओंकार, तू नको आहेस, कारण तू हिशोब मागतोस. म्हणून आम्ही तुझा नऊ मिनिटांचा उशीर पकडून ठेवतोय.' हे वाक्य क्लबच्या तीस पोरांसमोर मला उच्चारता आलं असतं का? नसतं. 'मुदत संपली' हे वाक्य मात्र आरामात उच्चारता आलं. म्हणूनच ते निवडलं.

वुल्फ यांच्याबाबतही तेव्हा इतर आक्षेप चर्चेत होते. सदस्यत्वात खंड पडल्याचा, एक जुनी शिक्षा जाहीर न केल्याचा. ते आक्षेप खरेच गंभीर असते, तर ते मांडून सदस्यांना ठरवू देता आलं असतं. अधिकृत निकाल मात्र सतरा मिनिटांवर लागला. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या मनात काय होतं हे कुणीच सिद्ध करू शकत नाही, आणि अशा निकालाची हीच गोम आहे. तो प्रामाणिक असला तरी प्रामाणिक दिसत नाही. हरलेल्याला आयुष्यभर संशय पुरतो आणि जिंकलेल्याला आयुष्यभर खुलासा.

*

असं लहान पक्षांतच का जास्त होतं? की आपल्याला तिथे ते जास्त दिसतं, एवढंच?

रॉबर्ट मिशेल्स नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९११ मध्ये राजकीय पक्षांवर एक पुस्तक लिहिलं. तो स्वतः जर्मनीतल्या समाजवादी पक्षात होता. लोकशाहीसाठी लढणारे पक्षही आतून मूठभरांच्या हातात जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. कारण संघटना चालवायला कार्यालय लागतं, याद्या लागतात, बैठकीची विषयपत्रिका ठरवणारं कुणीतरी लागतं, आणि हे ज्यांच्या हातात असतं ते सहसा हलत नाहीत. त्यानं याला पोलादी नियम म्हटलं. पुढे हाच मिशेल्स इटलीत मुसोलिनीच्या पक्षात गेला. पक्षांतर्गत लोकशाही अशक्य आहे असं एकदा मनानं घेतलं की माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं तो स्वतःच उदाहरण ठरला.

मोठ्या पक्षात निदान वाटायला पुष्कळ असतं. मंत्रिपदं, महामंडळं, समित्या. हरलेल्याला कुठेतरी बसवता येतं. लहान पक्षाकडे ते नसतं. युकिपला २०१५ मध्ये सुमारे ३८ लाख ८० हजार मतं मिळाली आणि संसदेत जागा मिळाली १. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांच्या आसपास मतांवर ५६ जागा मिळाल्या, कारण तिची मतं एकाच प्रदेशात होती. म्हणजे देशभर लाखो लोक पाठीशी, आणि सत्ता म्हणून हातात काय, तर पक्षाचं नेतेपद आणि कार्यकारिणी. जिथे मिळवण्यासारखी खुर्ची एकच असते तिथे संगीतखुर्ची खेळताना कोपरं जास्त लागतात. आमच्या क्लबचंही तेच होतं. एक किल्ली.

या रोगावर फराज यांनी २०१९ मध्ये एक औषध काढलं, आणि ते मला, कोड लिहिणाऱ्या माणसाला, लगेच ओळखीचं वाटलं. बॅटन यांनी टॉमी रॉबिन्सन यांना सल्लागार नेमल्यावर फराज डिसेंबर २०१८ मध्ये युकिपमधून बाहेर पडले होते. मग ब्रेक्झिट पार्टी आली. ती कायद्यानं एक कंपनी होती. पैसे भरणारे लोक सदस्य नव्हते, 'नोंदणीकृत समर्थक' होते, आणि वर्गणी २५ पौंड. कार्यकारिणीची भानगड नाही, बंड नाही, सतरा मिनिटं नाहीत. त्या मे महिन्यात या पक्षानं युरोपीय संसदेच्या २९ जागा जिंकल्या. पुढे त्याचंच नाव रिफॉर्म यूके झालं. ३ जून २०२४ रोजी, म्हणजे माझं कार्ड यायच्या सुमारास, फराज यांनी आपण निवडणूक लढवणार आणि नेतेपदही घेणार असं जाहीर केलं. तोवर नेते असलेले रिचर्ड टाइस बाजूला झाले. सदस्यांचं मतदान वगैरे काही झालं नाही. निम्म्याहून जास्त शेअर फराज यांच्याकडे होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचे ॲडमिन अधिकार काढून घेतले की सिस्टिम खूप स्थिर होते. भांडण होत नाही, कारण भांडायला कुणाच्या हातात काही उरतच नाही. या औषधानं रोग गेला का, याचं उत्तर मला भारतात परत आल्यावर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फराज यांनी मालकी सोडून पक्ष एका ना-नफा कंपनीकडे दिला. मार्चमध्ये पक्षाच्या पाच खासदारांपैकी एक, रूपर्ट लो, यांनी मुलाखतीत नेतृत्वावर टीका केली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर धमकावल्याचे आरोप जाहीर झाले आणि ते निलंबित झाले. त्यांनी आरोप नाकारले. पक्षाचं म्हणणं, दोन्हींचा संबंध नाही. मे महिन्यात सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल करायला पुरेसा पुरावा नसल्याचं सांगितलं. टीका आणि तक्रार यांचा संबंध असेल किंवा नसेल. पण बघा, पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: कारण हेच होतं, की हे फक्त हाताशी आलं?

याच इतिहासात एक वेगळं उदाहरण आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. २०१८ च्या सुरुवातीला हेन्री बोल्टन यांच्या खासगी आयुष्यावरून गदारोळ झाला. कार्यकारिणीनं अविश्वास दाखवला, पण निर्णय सदस्यांकडे गेला. १७ फेब्रुवारीला बर्मिंगहॅममध्ये भरलेल्या सभेत बोल्टन यांना बोलायला मिळालं आणि मग मतदान झालं. ८६७ विरुद्ध ५०० मतांनी ते गेले. हरण्याचं दुःख त्यांना झालंच असेल. पण आपल्याला कशासाठी काढलं, कुणी काढलं आणि किती जण आपल्या बाजूनं उभे होते, हे त्यांना कळलं. त्या पाचशेंनाही कळलं.

*

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळला तर हा लेख सोपा होईल. समजा, ज्याला पाडायचं तो खरंच घातक आहे. २०१९ मध्ये बॅटन यांना पुन्हा नेतेपदाला उभं राहायचं होतं आणि कार्यकारिणीनं त्यांना परवानगी दिली नाही. हे वाचताना मला बरं वाटलं होतं. टॉमी रॉबिन्सनला जवळ करणारा माणूस माझ्यासारख्या लोकांसाठी चांगला नव्हे, हे सांगायला नको. मग बंद खोलीत का होईना, त्याला कुणी अडवलं तर मी तक्रार का करू?

आपण सगळे असेच आहोत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले, त्या काळात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक जण दहाव्या परिशिष्टाचा जाणकार झाला होता. व्हिप कुणाचा चालतो, पक्षाची घटना काय म्हणते. मी त्या चर्चा नंतर परत वाचल्या. ज्याचा गट ज्या नियमानं जिंकत होता, त्याला तो नियम पवित्र वाटत होता. उलटा निकाल लागला असता तरी मला हेच नियम पटले असते, असं एकानंही लिहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

माझं उत्तर असं आहे. एखाद्याला नाकारायचा हक्क संघटनेला आहे. 'तुझे विचार आम्हाला चालत नाहीत, म्हणून तू आमचा नेता नको' हे अगदी योग्य कारण असू शकतं. पण ते त्याच्यासमोर आणि सदस्यांसमोर म्हणायला हवं, आणि हरायची तयारी ठेवायला हवी. खरं कारण सांगितलं की त्यावर वाद घालता येतो. कदाचित आपणच चूक आहोत हेही कळतं. बंद खोलीतला निर्णय बरोबर असू शकतो, पण तो बरोबर आहे का, हे तपासायची सोय त्या खोलीत नसते. तिथे सगळे आधीच सहमत असतात. आम्ही चौघं टपरीवर सहमतच होतो.

आणि हे मला ज्यांचं राजकारण आवडत नाही त्यांच्यासाठीही मागायला हवं. त्यांच्या नेत्यांसाठी मी फारसा झुरत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते पत्रकवाले आजोबा येतात. निवडणुकीनंतर एकदा बागेच्या कुंपणापाशी बोलत होतो. ते १९९९ पासून युकिपमध्ये होते. पावसात पत्रकं वाटलेली, हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. मी विचारलं, "एवढे नेते बदलले, तुम्हाला काय वाटायचं?" ते म्हणाले, "आम्हाला पेपरमध्येच कळायचं. दर वेळी वाटायचं, कुणीतरी येऊन नीट सांगेल." मग जरा थांबून म्हणाले, "नाही आलं कुणी."

ऑफिसात पोट धरून हसताना हा माणूस माझ्या हिशोबात नव्हता. नेते एकमेकांना पाडतात, वेगळा पक्ष काढतात, टीव्हीवर जातात. खुर्च्या मांडणाऱ्याला फक्त एवढंच उरतं की आपल्याला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या क्लबमधल्या फर्स्ट इयरच्या पोरांनाही कुणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, ओंकारदादाला इंटरेस्ट नव्हता.

*

४ जुलैला मी मत दिलं. एका शाळेच्या हॉलमध्ये, आपला निळा पासपोर्ट दाखवून. मतपत्रिकेवर फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल होती. बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे बाहेर आल्यावर काही केल्यासारखं वाटेना. रिफॉर्मला देशभर १४ टक्क्यांवर मतं आणि ५ जागा मिळाल्या. मी कुणाला मत दिलं ते सांगत नाही, पण आजोबांना त्याचा अंदाज असणार.

त्या आठवड्यात मी ओंकारला मेसेज केला. सात वर्षांनी. आधी तीनदा लिहून खोडला. शेवटी सरळ लिहिलं: तो फॉर्म आपोआप बंद झाला नव्हता, मी केला होता, आणि आदल्या रात्री आमचं ठरलं होतं. तो आता बंगळुरूला आहे, माझ्यापेक्षा चांगलं काम करतो. रिप्लाय रात्री उशिरा आला.

"माहीत होतं मला. गूगल फॉर्म आपोआप बंद होत नाही, एवढं मला तेव्हाही येत होतं."

मी विचारलं, मग भांडला का नाहीस?

"तू मला नको आहेस असं तोंडावर सांगितलं असतंत तर भांडलो असतो. कदाचित हरलो असतो, पण भांडलो असतो. नऊ मिनिटांशी काय भांडू?"

त्यावर काय लिहावं ते मला सुचलं नाही. थोड्या वेळानं त्याचाच आणखी एक मेसेज आला.

"टी-शर्टचा हिशोब लागला का शेवटी?"

लागला नव्हता.